दोन दिवस समुद्राकाठी : नवरा-बायकोने दिंडोशीहून मुरुड-जंजिऱ्याला कसं जावं, काय सांभाळावं

आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच घरांतलं एखादं माणूस मुंबईत आहेच. कुणाचा मुलगा-सून, कुणाचा भाऊ, कुणाची लेक. त्यातले कितीतरी जण मालाड-गोरेगावच्या पूर्वेला, दिंडोशीच्या डोंगराकडेला राहतात. दवाखाना, लग्न, बारसं, कोर्टाची तारीख अशा कामाला आपण तिकडे जातो, दोन दिवस राहतो आणि आलो त्याच गाडीने परत येतो. मुंबईपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर निवांत समुद्र आहे, पण नवरा-बायको दोघंच तिकडे गेलीत असं आपल्याकडे क्वचितच होतं. लग्न होऊन वीस-वीस वर्षं झाली, तरी दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे देवदर्शन नाहीतर सोयरिक, तोही सगळ्या गोतावळ्यासोबत.

हिवाळ्यात दोन दिवस काढून समुद्राकाठच्या एखाद्या लहान गावी जायचं, तर ते कसं जमवायचं, याची ही माहिती. उदाहरण घेतलंय रायगड जिल्ह्यातल्या मुरुडचं. अंतर, खर्च आणि शांतता या तिन्ही हिशोबांनी आपल्यासारख्यांना ते परवडतं.

आधी एक खुलासा : मुरुड तीन आहेत

फोनवर नुसतं 'मुरुड' टाकून खोली बुक करू नका. एक मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, ज्याला सगळे मुरुड-जंजिरा म्हणतात. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ आहे आणि तेही समुद्रावरच आहे. तिसरं लातूर जिल्ह्यात, तिथे समुद्राचा संबंध नाही. रायगडचं आणि दापोलीचं मुरुड हमखास गल्लत करायला लावतात, कारण दोन्हीकडे बीच आहे, दोन्हीकडे घरगुती खोल्या आहेत. पैसे भरण्याआधी पत्त्यात 'जिल्हा रायगड' आहे ना, ते वाचा.

हिवाळाच का?

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या बोटी बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्याही बंद. उन्हाळ्यात कोकणात घामाने जीव नकोसा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, पहाटे थोडा गारवा, समुद्रही बराच शांत. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे तिथे अंगावर कळतात. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो, रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा जातो. म्हणून पहाटे किनाऱ्यावर फिरायचं तर बायकोची शाल आणि आपली कानटोपी बरोबर असू द्या.

एक पथ्य पाळा. २५ डिसेंबर ते १ जानेवारी आणि कुठलाही शनिवार-रविवार टाळा. त्या दिवसांत खोल्यांचे दर चढतात आणि अलिबागच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शेतकऱ्याला रविवारची सुट्टी नसते, तर तिचा फायदा घ्यावा. सोमवार ते गुरुवार जा. खोली स्वस्त मिळते, घरमालकालाही मधल्या वारी गिऱ्हाईक हवंच असतं, तो आपलेपणाने बघतो.

दिंडोशीहून जायचं कसं?

तीन वाटा आहेत.

पहिली वाट बोटीची. दिंडोशी मेट्रो स्टेशनवरून गुंदवलीला जायचं. तिथून पादचारी पुलाने पलीकडच्या घाटकोपर मेट्रोत बसून मरोळ नाक्याला उतरायचं. मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, थेट हुतात्मा चौकापर्यंत नेते. ही लाईन ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. लोकलच्या गर्दीत बायकोला ढकलाढकल नको असेल तर ही वाट बरी. लोकलची सवय असेल तर दिंडोशीहून बेस्ट किंवा रिक्षाने गोरेगाव-मालाड स्टेशन आणि तिथून चर्चगेट. दोन्हीकडून पुढे टॅक्सीने किंवा बसने गेटवे ऑफ इंडिया. गेटवेहून मांडवा साधारण तासाभराचा प्रवास. काही बोट कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसही असते, तिकीट काढताना विचारून घ्या. अलिबागहून मुरुड सुमारे ५० किलोमीटर, एसटी मिळते.

दुसरी वाट एसटीची. मुंबईहून रायगडकडे एसट्या जातात, वेळ डेपोत किंवा महामंडळाच्या अॅपवर बघून घ्या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात एसटीचं अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढे फुकट. म्हणजे जोडीचा जाण्याचा खर्च दीड तिकिटात भागतो. ओळखपत्र मात्र जवळ पाहिजे.

तिसरी वाट स्वतःच्या गाडीची. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जवळपास २२ किलोमीटरचा आहे, त्याने मुंबईतून बाहेर पडायचा वेळ खूप वाचतो. पण त्यावर मोटारसायकल आणि रिक्षा चालत नाही. भाच्याची बुलेट घेऊन निघालात तर सेतूच्या तोंडाशीच अडवतील. दुसरा पर्याय म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. ही २०२० पासून सुरू आहे, तिच्यात गाडीसकट जाता येतं.

बोटीबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. समुद्र शांत होता, दिवस हिवाळ्याचा होता. त्यामुळे बोटीत पाय ठेवल्यावर पहिलं काम लाइफ जॅकेट मागणं. नुसतं मांडीवर ठेवू नका, अंगात घाला आणि पट्टे आवळा. "तासाभराचंच तर आहे" असं शेजारचा म्हणेल, त्याला म्हणू द्या.

खोली घेताना फसू नका

सध्या फसवणूक सगळ्यात जास्त इथे होते. हॉटेलच्या नावाने खोटं पान बनवतात, त्यावर स्वतःचा नंबर टाकतात, स्वस्त दर सांगून पूर्ण पैसे आधीच मागतात. माणूस तिकडे पोचतो तेव्हा कळतं, की या नावाने बुकिंगच नाही. हे टाळायला चार गोष्टी :

१. ज्या नंबरवर बोलताय त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगा. खोली, अंगण, बाहेरची पाटी दाखव म्हणा. खरा मालक आनंदाने दाखवतो.

२. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येतं ते मालकाचं किंवा हॉटेलचं आहे का बघा. भलतंच नाव आलं तर थांबा.

३. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. थोडी आगाऊ, बाकी खोली ताब्यात आल्यावर.

४. "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मुरुड आणि आजूबाजूला घरगुती निवास बरेच आहेत. नारळी-पोफळीची वाडी, मागच्या अंगाला दोन-चार खोल्या, घरच्या बाईच्या हातचं जेवण. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंद असलेलं घर मिळालं तर उत्तम.

आता ओळखपत्राचं. खोली घेताना दोघांचंही ओळखपत्र लागतं, एकट्या नवऱ्याचं चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या आधारवर अजून माहेरचं नाव आणि माहेरचा पत्ता असतो. काउंटरवरचा पोरगा दोन वेगळी आडनावं बघून वाकड्या तोंडाने बघतो आणि बिचारी बाई उगाच ओशाळते. यात ओशाळण्यासारखं काही नाही. तरी डोक्याला ताप नको म्हणून लग्नाच्या दाखल्याचा किंवा रेशनकार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि बुकिंग करतानाच दोघांची नावं सांगून टाका. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. ते आधारच्या वेबसाइटवरून फुकट निघतं.

भरती-ओहोटी पंचांगावरून ओळखा

हा भाग नीट वाचा, समुद्रावर जीव वाचतो तो इथेच. विहिरीचं, कॅनॉलचं पाणी आपल्याला कळतं. समुद्राचं कळत नाही, कारण ते दिवसातून दोनदा वर येतं आणि दोनदा खाली जातं, आणि ही वेळ रोज सरासरी पाऊण तासाने पुढे सरकते.

कोकणातल्या जुन्या माणसांचा सोपा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी असतेच.

चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे ३ आणि दुपारी ३ च्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास पुढे, म्हणजे सकाळी ९ आणि रात्री ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी.

अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी-संध्याकाळी ६ ला भरती, दुपारी १२ च्या आसपास ओहोटी.

पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच.

यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गेल्यावर कोळीबांधवांना विचाराच. आणखी एक फरक लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि ओहोटीलाही फार मागे हटत नाही.

याचा उपयोग अलिबागलाच होतो. तिथला कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत किंवा टांग्याने जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. तृतीया ते पंचमीच्या दिवसांत सकाळची ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, ती वेळ सोयीची. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरायच्या आत परत या. फोटोच्या नादात आत रेंगाळलेली माणसं अडकतात ती यामुळेच.

पाण्यात उतरताना

१ फेब्रुवारी २०१६ ला याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढत मागे जातं, आणि पोहणाऱ्यालाही आत खेचतं. काशीदचा किनारा दिसायला सुंदर, पण तिथे उतार मोठा आणि लाटांना जोर आहे.

म्हणून नियम साधा : गुडघ्याच्या वर पाणी नको, ओहोटी सुरू झाली की पाण्यातून बाहेर, अंधारात पाण्यात नाही, आणि पोटात दारू असेल तर पाण्याच्या जवळपासही नाही. विहिरीत सूर मारणाऱ्याने तर जास्तच जपावं, कारण विहिरीत पाणी ओढत नाही. कुणी ओढला गेला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. दोर, टायर, रिकामा कॅन फेका, जीवरक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करा.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू टणक वाटते, पण चाक रुतलं की भरती ट्रॅक्टर यायची वाट बघत नाही.

बघायचं काय? थोडंच बघा

सहल म्हणजे यादी संपवणं नव्हे. दोन दिवसांत दोन-तीन ठिकाणं पुष्कळ झाली.

अलिबागला उतरलात तर कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. मराठ्यांचं आरमार ज्यांनी समुद्रावर गाजवलं ते कान्होजी १७२९ मध्ये वारले.

अलिबाग-मुरुड रस्त्यावर रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. इथे पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पण गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून तयार झालेली वेगळी बोली आजही बोलली जाते.

जंजिऱ्याला मुरुडहून पुढे राजपुरीला जावं लागतं, अंतर पाचेक किलोमीटर. तिथून शिडाच्या होडीने किल्ल्यात. सिद्दींचा हा किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही घेता आला नाही. सिद्दींना शह म्हणून महाराजांनी जवळच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला, तो मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसतो. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. किल्ल्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हीच त्याची युक्ती. आत चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि कलाल बांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. होडीत चढता-उतरताना घाई करू नका. साडीचा सोगा आवरून, हात धरून उतरा. गुडघे दुखत असतील तर किनाऱ्यावर बसून किल्ला बघितला तरी काही बिघडत नाही.

बाकी वेळ मोकळा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. पाच वाजता वाळूवर जाऊन बसा. फोन खोलीवर राहिला तरी चालेल.

खाणं

ताजी मासळी आहेच, पण ताट सांगण्याआधी दर विचारा. सुरमई-पापलेटचे भाव रोज बदलतात. मासे न खाणाऱ्यांची सोय घरगुती निवासात होते, आधी सांगावं लागतं.

हिवाळ्यात रायगडात गेलात आणि पोपटी खाल्ली नाही तर काहीतरी राहिलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन भरायचं, मडकं उपडं ठेवून भोवती पेटवायचं. आपल्याकडच्या हुरड्याची ही कोकणातली बहीण समजा.

येताना अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर बघा. हंगाम हिवाळ्याच्या शेवटाकडे सुरू होतो. चवीला गोडसर, आणि विकतात तो वेणीसारख्या माळा गुंफून. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. आपण कांदा गोणीत भरून मार्केटला टाकतो आणि भावाची वाट बघतो, ते लोक माळ करून रस्त्याकडेला विकतात. सहलीत एवढं बघितलं तरी डोक्याला खाद्य मिळतं.

घर आणि शेत कुणावर टाकायचं?

खरी अडचण पैशाची कमी आणि याची जास्त. जनावरं आहेत, गव्हाला पाणी आहे, म्हातारी माणसं आहेत. दोन दिवस घर कोण बघणार?

उत्तर आपल्याकडेच आहे : सावड. कापणीला, लागवडीला आपण सावड करतोच. तशी या दोन दिवसांची करा. शेजाऱ्याने दोन दिवस धारा आणि वैरण बघायची, पुढच्या महिन्यात त्यांची जोडी जाईल तेव्हा आपण त्यांचं बघायचं. शेतीच्या लाईटचं वेळापत्रक बघा. रात्रपाळीच्या आठवड्यापेक्षा दिवसा लाईट असलेल्या आठवड्यात जा, म्हणजे शेजाऱ्याला रात्री मोटार चालू करायला पाठवावं लागणार नाही. पाणी देऊन झाल्यावर निघा, पुढची पाळी येईपर्यंत परत या. म्हाताऱ्या माणसांची औषधं डबीत वारानुसार लावून ठेवा आणि कुणाला तरी दाखवून ठेवा.

आणि पुरुष मंडळींना एक सांगणं. सहलीला निघताना बायको पहाटे उठून चार माणसांच्या दशम्या करत असेल, तिकडे गेल्यावर तुमचे कपडे तीच धूत असेल आणि परत आल्यावर दोन दिवसांची साठलेली भांडी तिचीच वाट बघत असतील, तर सुट्टी तुमची एकट्याची झाली. दशम्या नकोत, वाटेत वडापाव खा. कपडे मळले तर मळू द्या. घरच्या पोरांना सांगून ठेवा, की आम्ही येऊ तेव्हा स्वयंपाकघर आवरलेलं पाहिजे.

"लोक काय म्हणतील, या वयात हे काय" हा प्रश्न येईल. लोक दोन दिवस बोलतील. मग त्यातलाच एखादा हळूच विचारेल, खोली कुठे मिळाली, नंबर दे जरा. तेव्हा नंबरासोबत भरतीचा हिशोबही सांगा.